ग्राइंडर आला की स्क्रॅपिंग संपलं?

‘मोठा सीएनसी ग्राइंडर घेतला की हाताने स्क्रॅपिंग करायची गरज उरत नाही, मग लेथसारखी मशीन टूल बनवणारी कंपनी हवी तेवढी वाढवा,’ हा समज जुना आणि चुकीचा आहे. ग्राइंडर म्हणजे फिरत्या चाकाने धातू घासून सपाट करणारं यंत्र, तर स्क्रॅपिंग म्हणजे हत्याराने अगदी पातळ थर खरवडून पृष्ठभाग जुळवणं. घट्ट आवळलेलं कास्टिंग (मशीनचा ओतीव भाग) सरळ ग्राइंड होतं, पण क्लॅम्प सैल केले की काही मायक्रॉन वाकतं. शिवाय ग्राइंड केलेल्या गुळगुळीत गाइडवेवर, म्हणजे स्लाइड ज्यावरून सरकते त्या पृष्ठभागावर, तेल टिकत नाही. स्लाइड चिकटते, मग झटक्याने सरकते. फिनिशिंगच्या जॉबवर तो झटका लगेच दिसतो.

म्हणून मास्टरला (अचूक सपाट पाटाला) निळं मार्किंग लावून तो गाइडवेवर घासायचा आणि उठलेले ठिपके खरवडायचे. चौरस इंचात साधारण 20 ठिपके हवेत. खोलगट जागांत तेल साठतं. लिनियर गाइड (तयार मिळणारे, गोळ्या किंवा रोलरवर सरकणारे रूळ) लावले तर हे काम बरंच घटतं, पण अनेक अतिअचूक मशीनमध्ये त्यांच्या बैठका स्क्रॅप केल्या जातात. ऑर्डरी दुप्पट झाल्या तरी स्क्रॅपिंग जाणणारे हात दुप्पट व्हायला वर्षं लागतात.