डिनो २४६ की ३२८? गाडीपेक्षा घोड्याचाच वाद जास्त

जुन्या इटालियन गाड्यांच्या नादी लागलेली दोन माणसं भेटली की डिनो २४६ घ्यावी की फेरारी ३२८ हा प्रश्न निघतोच, आणि दहा मिनिटांत विषय गाडीवरून घोड्यावर, म्हणजे फेरारीच्या बॅजवर जातो. ३२८ वर तो उधळलेला घोडा आहेच. डिनो २४६ वर कारखान्यातून कधी लागलाच नाही. मग डिनोला फेरारी म्हणायचं का? इथे मारामाऱ्या व्हायच्या बाकी असतात, म्हणून जरा मागचं सांगतो.

सुरुवातीचं पटकन उरकतो. फेरारीच्या संस्थापकांचा मुलगा १९५६ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी गेला आणि व्ही६ म्हणजे सहा सिलिंडरच्या इंजिनाला त्याचं लाडकं नाव मिळालं, डिनो. पुढे १९६७ पासून फॉर्म्युला टू या रेसिंगमध्ये असा नियम आला की इंजिन हे निदान ५०० नग बनलेल्या रस्त्यावरच्या गाडीतलं हवं. फेरारीच्या मारानेल्लो गावातल्या छोट्या कारखान्याला हे झेपणारं नव्हतं, म्हणून तुरीनच्या फियाट या मोठ्या कंपनीला हाताशी धरलं, इंजिनं त्यांनी बनवायची आणि स्वतःच्या गाडीतही घालायची असं ठरलं. त्यातून आधी फियाट डिनो आली आणि मग मारानेल्लोची डिनो २०६ जीटी, ॲल्युमिनियम बॉडीची, जेमतेम दीडशे बनल्या. १९६९ मध्ये २४६ आली, इंजिन २.४ लिटरचं, ब्लॉक लोखंडी, बॉडी स्टीलची, पॉवर १९५ हॉर्सपॉवर. लोक ज्या डिनोसाठी वेडे होतात ती हीच.

आता त्या नावाचा गुंता. डिनो म्हणजे नक्की काय? इंजिन पण डिनो, रेसिंगच्या गाड्या पण डिनो, फियाटची कूपे आणि उघड्या टपाची स्पायडर पण डिनो, आणि २०६, २४६ तर फक्त डिनोच, पुढे-मागे काहीच नाही. स्वस्तातली, १२ सिलिंडर नसलेली गाडी मोठ्या नावाखाली विकायची नाही म्हणून हा वेगळा ब्रँड काढला असं सगळे सांगतात, आणि मुलाची आठवण हेही कारण होतंच, दोन्ही खरं असू शकतं. चॅसी नंबर पण वेगळे, फेरारीच्या रस्त्यावरच्या गाड्यांना तेव्हा विषम नंबर असायचे आणि डिनोला सम नंबरांची स्वतःची मालिका. म्हणजे "विसरले लावायला" असला प्रकार नाही, ठरवून केलेलं काम होतं. गंमत म्हणजे १९६९ च्या शेवटापासून २.४ लिटरची फियाट डिनो मारानेल्लोतच जोडली जायची, म्हणजे फियाटच्या नावाची गाडी मारानेल्लोची आणि मारानेल्लोच्या गाडीचं इंजिन तुरीनचं, आता बसा वाद घालत.

बरं, १९७३ ला डिनो ३०८ जीटी४ आली, व्ही८ इंजिन, मागे नावापुरत्या दोन सीटा, आणि आकार नेहमीच्या डिझाईनवाल्यांना डावलून दुसऱ्यांकडून काढून घेतलेला. इटलीत तेव्हा दोन लिटरच्या वरच्या इंजिनावर टॅक्स जबर होता म्हणून तिथल्या लोकांसाठी २०८ काढली, ती पण डिनोच. अमेरिकेत घोडा नसलेली गाडी खपेना, डीलर वैतागले, आणि १९७६ पासून त्याच जीटी४ वर घोडा लागला. इंजिन तेच, बॉडी तीच, काल डिनो आणि आज फेरारी! माझ्या मते वाद इथेच मिटायला हवा होता, कारण एका बॅजने गाडीची जात बदलत असेल तर तिला जात नव्हतीच. पण नाही मिटला. कित्येक मालकांनी २४६ वर नंतर घोडे चिकटवले, आता रिस्टोअर करताना काही जण ते काढतात आणि काही जण मुद्दाम ठेवतात.

२४६ ची खरी वारस जीटी४ नाही, १९७५ ची ३०८ जीटीबी. दोनच सीटा, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २४६ चाच म्हणजे २,३४० मिमी, आणि आकार पुन्हा जुन्याच डिझाईनवाल्यांचा. सुरुवातीच्या फायबरग्लासच्या, १९७७ पासून स्टीलच्या. १९८० मध्ये कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं आणि पॉवर २५५ वरून २१४ वर घसरली, लोकांनी नावं ठेवली, १९८२ ला सिलिंडरला चार व्हॉल्व्ह देऊन २४० पर्यंत आणली. मग १९८५ ची ३२८, ३.२ लिटर आणि २७० हॉर्सपॉवर. नंबर वाचायची पद्धत सोपी आहे, आधी लिटर मग सिलिंडर, २४६ म्हणजे २.४ आणि ६, ३२८ म्हणजे ३.२ आणि ८ (पुढे आलेल्या फेरारी ३५५ ने हा नियम मोडला, तिथे शेवटचा ५ म्हणजे सिलिंडरमागचे व्हॉल्व्ह). १९८९ पर्यंत ३२८ सात हजारांवर बनल्या, २४६ साडेतीन हजारांच्या आसपास.

दिसायला डिनोच्या जवळपासही ३२८ जात नाही हे मी मान्य करतो. पण डिनोचं स्टील गंजतं, आतून गंजतं, आणि वरून रंग चकचकीत असेल तर जास्तच संशय घ्यावा. तीन वेबर कंपनीचे कार्ब्युरेटर जुळवून देणारा माणूस शोधावा लागतो. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमला बेल्टऐवजी चेन आहे एवढी एक निश्चिंती. ३२८ ला बेल्ट आहे, ठरल्या वेळी बदलावाच लागतो, पण इंजिन गाडीतच ठेवून बदलता येतो. शेवटच्या काही गाड्यांना एबीएस (ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) पण आहे, त्यांची चाकं बाहेरच्या बाजूला फुगीर असतात त्यावरून ओळखू येतात. १९८९ ला ३४८ आली आणि आडवं बसणारं इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलं, तेव्हापासून ३५५ पर्यंत साधा बेल्ट बदलायचा तरी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, त्याचं बिल बघितलेले लोक परत ३२८ शोधायला लागतात.