सी भाषेतला ट्रिगर म्हणजे वेगवान डेटाबेस?

ट्रिगर म्हणजे टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा कोड. 'ट्रिगर सीमध्ये लिहा, डेटाबेस आपोआप कित्येक पट वेगवान होईल', हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. सी जलद आहे हे खरंच, त्यामुळे तो पटतोही.

पण पोस्टग्रेस या डेटाबेसमधला ट्रिगर बहुतेक वेळा काय करतो? दुसऱ्या टेबलात नोंद टाकतो किंवा काही शोधतो. सीमधून एसपीआय (सर्व्हरच्या आतूनच क्वेरी देण्याची सोय) वापरून क्वेरी दिली, तरी ती चालवणारं इंजिन तेच असतं. इंडेक्स, लॉक, डिस्कवरचं लेखन, काहीच बदलत नाही. वाचतो तो फक्त पीएल/पीजीएसक्यूएलचा, म्हणजे ट्रिगर लिहायच्या पोस्टग्रेसच्या नेहमीच्या भाषेचा, वरखर्च. ट्रिगरमध्ये जड आकडेमोड असेल, तर मात्र सी नक्की उपयोगी पडते.

पडताळणी सोपी आहे. 'बिगिन'ने ट्रॅन्झॅक्शन सुरू करून इन्सर्टवर, म्हणजे नोंद टाकणाऱ्या क्वेरीवर, 'एक्सप्लेन ॲनालाइझ' चालवा; ते क्वेरी प्रत्यक्ष चालवून वेळेचा हिशेब देतं. शेवटी प्रत्येक ट्रिगरचं नाव, लागलेला वेळ आणि तो किती वेळा चालला हे दिसतं. नंतर बदल मागे घेणारं 'रोलबॅक' विसरू नका, कारण इन्सर्ट खरोखर होतो. ट्रिगरचा वेळ एकूण वेळेच्या मानाने किरकोळ असेल, तर भाषा बदलून हाती फारसं लागणार नाही.

आणि सीमधला एक चुकीचा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) तुमच्या कनेक्शनची प्रोसेस पाडतो. मग सर्व्हर बाकीची सगळी कनेक्शनंही तोडून रिकव्हरीत, म्हणजे डेटा सावरण्याच्या कामात, जातो. ही जोखीम मला त्या सल्ल्यात कधीच लिहिलेली दिसत नाही.