साउंड ब्लास्टर कंपॅटिबल : जुन्या खेळांसाठी जुना संगणक ओळखण्यामागची पार्श्वभूमी

गेल्या काही वर्षांत कोल्हापुरात घरोघरच्या माळ्यांवरून जुने संगणक खाली उतरू लागले आहेत. कोणी वाडा पाडून अपार्टमेंटसाठी जागा दिली, कोणाच्या घरात पुराचे पाणी शिरले, तर कोणाला शाळेत असताना खेळलेले डॉसचे (विंडोजच्या आधीच्या, टाइप केलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या कार्यप्रणालीचे) खेळ पुन्हा त्याच यंत्रावर खेळायचे आहेत. कॅबिनेटचे झाकण उघडले की बहुतेकांची नजर प्रथम प्रोसेसरकडे जाते आणि तो पेंटियम-३ आहे की पेंटियम-४, एवढ्यावरूनच यंत्राचे मोल ठरवले जाते. जुन्या खेळांच्या दृष्टीने मात्र प्रोसेसर दुय्यम आहे. डॉसवरचे खेळ साउंड कार्डाला, म्हणजे आवाज काढणाऱ्या कार्डाला, कोणत्याही मध्यस्थाशिवाय थेट आज्ञा देत असत, त्यामुळे आत कोणते कार्ड आहे आणि ते मदरबोर्डवरच्या कोणत्या स्लॉटमध्ये (कार्ड बसवण्याच्या खोबणीत) बसले आहे, हे आधी पाहावे लागते.

या कार्डांसाठीचा आयएसए स्लॉट १९८१ च्या मूळ पीसीइतका जुना आहे आणि १९८४ मध्ये तो १६ बिटांचा झाला. आपल्याकडे तो घराघरांत पोहोचला तो बऱ्याच उशिरा, साधारण १९९५ नंतर. आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत गेले आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून कोल्हापुरातल्या राजारामपुरीत, शाहूपुरीत संगणक जोडून देणारी दुकाने वाढली. कोटेशनच्या कागदावर प्रोसेसर, रॅम आणि हार्ड डिस्क यांच्यासमोर आकडे असत. खाली ‘मल्टिमीडिया किट’ अशी एकच ओळ असे आणि तिच्यात सीडी ड्राइव्ह, स्पीकरची जोडी आणि साउंड कार्ड असे सगळे मोडत असे. कार्ड कोणते, हे गिऱ्हाईक विचारत नसे. विचारलेच तर ‘साउंड ब्लास्टर कंपॅटिबल आहे’ असे उत्तर मिळे आणि ऐकणारा त्याचा अर्थ ‘डुप्लिकेट’ असा घेई.

हा अर्थ चुकीचा होता, कारण कंपॅटिबल म्हणजे साउंड ब्लास्टर या प्रसिद्ध कार्डाच्याच आज्ञा पाळणारे, आणि त्या चुकीने आपल्या शहरातली कितीतरी चांगली कार्डे भंगारात घालवली आहेत, म्हणून या शब्दाचा इतिहास सविस्तर पाहणे मला आवश्यक वाटते. १९८७ मध्ये कॅनडातील एका लहान कंपनीने अ‍ॅडलिब हे संगीताचे कार्ड बाजारात आणले. त्यावर यामाहाची वायएम३८१२ ही चिप होती, जी पुढे ओपीएल-२ या नावाने ओळखली गेली. दोन वर्षांनी, १९८९ मध्ये, सिंगापूरच्या एका कंपनीने साउंड ब्लास्टर आणले. त्यावर हीच चिप होती, शिवाय ध्वनिमुद्रित आवाज वाजवण्याची सोय होती. अ‍ॅडलिबसाठी लिहिलेले सर्व खेळ त्यावर चालत असल्यामुळे ते खपले. म्हणजे पुढे ज्याची नक्कल केल्याचा ठपका इतरांवर बसला, ते साउंड ब्लास्टर स्वतःच ‘अ‍ॅडलिब कंपॅटिबल’ म्हणून बाजारात आले होते. यात गैर काहीच नव्हते, कारण खेळाला कार्डावरच्या नावाशी देणेघेणे नसते. दिलेल्या आज्ञेला अपेक्षित उत्तर मिळाले की त्याचे काम होते.

पुढचा गुंता १९९१ च्या साउंड ब्लास्टर प्रोपासून सुरू होतो. पहिल्या प्रो कार्डावर दोन ओपीएल-२ चिपा होत्या, त्याच नावाच्या सुधारित कार्डावर एकच ओपीएल-३ आली, आणि पहिल्यासाठी लिहिलेले दोन्ही बाजूंचे (स्टिरिओ) संगीत दुसऱ्यावर जसेच्या तसे वाजेना. १९९२ मध्ये साउंड ब्लास्टर १६ आले आणि सीडीच्या तोडीचा १६ बिटांचा आवाज देऊ लागले. मात्र प्रो कार्डात स्टिरिओ चालू करण्याची आज्ञा मिक्सर चिपला, म्हणजे आवाजांची पातळी सांभाळणाऱ्या चिपला, द्यावी लागे, आणि नव्या कार्डातील वेगळी मिक्सर चिप ती आज्ञा मानत नव्हती. परिणामी केवळ प्रो कार्डासाठी स्टिरिओ लिहिलेले खेळ साउंड ब्लास्टर १६ वर एकेरी आवाजात वाजतात. एकाच कंपनीचे नवे कार्ड तिच्याच जुन्या कार्डाशी पूर्णपणे कंपॅटिबल नव्हते, ही गोष्ट त्या काळी कोणत्याही दुकानात सांगितली गेली नाही.

याउलट आपल्याकडच्या मल्टिमीडिया किटमधून हमखास येणारे, ईएस१८६८ चिपेचे कार्ड पाहा. त्याला ब्रँडचा डबा नसे, ते नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत मिळे. पण ते साउंड ब्लास्टर प्रोच्या आज्ञा स्टिरिओसकट पाळते, त्याचा एफएम आवाज (चिपेने स्वतः तयार केलेले संगीत) यामाहाच्या मूळ चिपेच्या अगदी जवळ जातो, आणि साउंड ब्लास्टर १६ च्या काही आवृत्त्यांमध्ये बाहेरचे मिडी यंत्र (संगणकाच्या सूचनांवर संगीत वाजवणारे यंत्र) जोडल्यावर सूर अडकून राहण्याचा जो दोष आहे तो त्यात नाही. साधारण १९९१ ते १९९५ या काळातील प्रोसाठी लिहिलेल्या खेळांना, माझ्या मते, खऱ्या साउंड ब्लास्टर १६ पेक्षा हे स्वस्त कार्ड अधिक योग्य आहे.

राजारामपुरीतील एका घरातला संगणक मी दोन वर्षांपूर्वी पाहिला. ‘साउंड कार्ड डुप्लिकेट आहे, गेममध्ये कधी आवाजच आला नाही’ असे घरच्यांनी सांगितले. हार्ड डिस्क सुदैवाने चालू होती. ऑटोएक्झेक फाइलमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना आपोआप चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलमध्ये, ‘सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ एच५ टी६’ अशी ओळ होती. ए म्हणजे पत्ता, आय म्हणजे इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधण्याची खूण), डी आणि एच म्हणजे डीएमएच्या (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीतून माहिती नेणाऱ्या यंत्रणेच्या) वाहिन्या, आणि शेवटचा टी म्हणजे कार्डाचा प्रकार. सहा म्हणजे साउंड ब्लास्टर १६, चार म्हणजे प्रोची दुसरी आवृत्ती. कार्डावर ईएस१८६८ छापलेले होते. एच५ काढून टी४ केले आणि खेळाच्या सेटअपमध्ये प्रो निवडले, तेव्हा दोन्ही स्पीकरमधून वेगवेगळा आवाज आला. ज्याने कोणी ती ओळ लिहिली होती त्याच्याकडून एक आकडा चुकला होता, आणि वीस वर्षे दोष कार्डाच्या माथी राहिला.

१९९८ नंतरची वाटचाल याहून वेगाने झाली. त्या वर्षी आलेल्या ४४०बीएक्स चिपसेटच्या (मदरबोर्डवरचे भाग जोडणाऱ्या चिपांच्या संचाच्या) मदरबोर्डांवर आयएसए, त्यानंतरचा पीसीआय आणि डिस्प्ले कार्डासाठीचा एजीपी असे तिन्ही स्लॉट एकत्र मिळत. डॉसचे आणि विंडोज ९८ चे खेळ एकाच यंत्रावर खेळायचे असतील, तर असा बोर्ड कधीही सोडू नये. पण संगणक उत्पादकांसाठीच्या मार्गदर्शिकेने लवकरच आयएसए काढून टाकण्याची दिशा दिली आणि १९९९ चा ८१० चिपसेट आला. त्यात डिस्प्ले बोर्डावरच होता, एजीपी स्लॉट नव्हता, आणि आवाजही बहुधा बोर्डावरच, एसी ९७ पद्धतीचा असे. या आवाजाला डॉसमध्ये एफएम चिपच नसते. आयएसए कार्डासाठी खेळ मदरबोर्डच्या डीएमए यंत्रणेला थेट आज्ञा देत, पीसीआय कार्डाला ती यंत्रणा त्या रीतीने वापरता येत नाही, म्हणून पुढच्या कार्डांना मेमरीत बसणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा टेकू घ्यावा लागला. या शतकाच्या आरंभी एमएस-सीआयटीमुळे गल्लोगल्ली संगणक वर्ग निघाले आणि त्यांतून पुढे विकली गेलेली यंत्रे मोठ्या प्रमाणावर याच ८१० आणि त्यानंतरच्या ८४५ पिढीतील आहेत. आज माळ्यावर सापडणारा संगणक बहुधा असाच असतो. रोड रॅशसारखे विंडोजवरचे खेळ त्यावर उत्तम चालतात, पण डॉसच्या खेळांचा आवाज त्यावर मागू नये.

झाकण उघडल्यावर ओळख पटवणे अवघड नाही. लांब काळा स्लॉट आयएसएचा, आखूड पांढरा पीसीआयचा, आणि थोडा आत सरकलेला तपकिरी स्लॉट एजीपीचा. एजीपी कार्ड घालताना त्याच्या खाचा पाहाव्यात. मागच्या पट्टीजवळ खाच असलेले कार्ड ३.३ व्होल्टचे आणि पट्टीपासून दूर खाच असलेले १.५ व्होल्टचे असते, तर ८४५ चा बोर्ड फक्त १.५ व्होल्ट मानतो. ३८६ आणि ४८६ च्या बोर्डावर पिंपाच्या आकाराची निकेल-कॅडमियम बॅटरी असेल, तर ती आधी कापून काढावी, कारण तिच्यातून गळणारे द्रव्य तांब्याच्या रेषा खाते. २००० च्या आसपासच्या बोर्डांवर प्रोसेसरजवळचे कपॅसिटर फुगलेले आहेत का, ते बोट फिरवून तपासावे. जुन्या खेळासाठी यंत्र जास्त वेगवान ठरत असेल, तर बायोसमधून (यंत्र सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमधून) कॅश, म्हणजे प्रोसेसरची जलद मेमरी, बंद करावी. पेंटियमची आतली कॅश बंद केली की तो ३८६ च्या वेगाजवळ येतो.

ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले. ते आवश्यकच होते, परंतु कार्यालयांतील आणि वर्गांतील यंत्रे त्यानंतर एकगठ्ठा जाऊ लागली आणि गेलेले कार्ड परत येत नाही. भंगारात सिरॅमिकच्या जुन्या प्रोसेसरांना त्यांतील सोन्यासाठी भाव येतो, साउंड कार्डे मात्र किलोवर जातात. त्यात २०१९ च्या ऑगस्टचा आणि २०२१ च्या जुलैचा पूर आला. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, दसरा चौक परिसरात तळमजल्यांवर ठेवलेले सामान गाळात गेले. त्यातली चार आयएसए कार्डे माझ्याकडे आली. ती साध्या स्वच्छ पाण्याने आणि मऊ ब्रशने धुतली, मग डिस्टिल्ड पाण्याने धुतली आणि पंख्याखाली आठ दिवस वाळवली, तोवर त्यांना वीज दिली नाही. तीन वाजली. चौथ्याचे स्लॉटमध्ये बसणारे सोनेरी दात काळवंडले होते. ते शाळेच्या खोडरबराने पुसले आणि दुसऱ्या दिवशी तेही वाजले.