द्विमितीय मजकूर संपादक

मजकुराची फाइल म्हणजे अक्षरांची एक लांबलचक माळ, असे न मानता ओळी व रकान्यांचा तक्ता मानणारे संगणकीय संपादक. चौकटीच्या वहीत पान कोरे असले तरी घरे आखलेली असतात, तसेच हे. एरवीच्या संपादकात ओळ संपली की कर्सर तिथेच थांबतो, कारण पुढे काही नसतेच. इथे तो कोऱ्या ओळीतही थेट चाळिसाव्या घरात नेता येतो. तिथे टंकले तर मागची घरे मोकळ्या जागेने भरतात. नुसते फिरून परतले तर फाइलला काहीच कळत नाही.

ही दृष्टी पंचकार्डाच्या, म्हणजे भोके पाडून माहिती नोंदायच्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांच्या, काळाशी जुळते. आयबीएमचे १९२८ चे कार्ड ८० रकान्यांचे होते. जुन्या फोरट्रान या प्रोग्रॅमिंग भाषेत विधान ७ ते ७२ याच रकान्यांत लिहावे लागे, एक घर सरकले तरी अर्थ बदले. पडद्यावर असे संपादन करण्याची पद्धत एडगर आयर्न्स व सहकाऱ्याने १९७२ मध्ये मांडली. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेचा संपादक त्याच वळणाचा. आज इमॅक्स या संपादकाचा पिक्चर मोड आणि विम या संपादकातील व्हर्च्युअलएडिट ही सोय देतात. पिक्चर मोडमध्ये अक्षरे खाली किंवा तिरकीही टंकता येतात. अनेक साध्या संपादकांत निदान उभा पट्टा निवडून कापता येतो, आणि खरे तर बहुतेकांचे तेवढ्यावर भागते.

देवनागरीत मात्र हा डाव मोडतो. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील जत्रांची यादी करायला घ्या. ‘म्हार्दोळ’ आणि ‘मंगेशी’, दोन्ही वाचताना तीन अक्षरे. पण युनिकोड या अक्षरांच्या संकेतसंचात पहिल्याची चिन्हे ९, दुसऱ्याची ६. यूटीएफ-८ या साठवणीच्या रीतीत अनुक्रमे २७ व १८ बाइट. हलन्त, काना, अनुस्वार यांना स्वतंत्र घर द्यायचे की नाही, याबाबत टर्मिनल (मजकूर दाखवणारी खिडकी) आणि संपादक यांचे एकमत नसते. मग तारखांचा रकाना प्रत्येक ओळीत वेगळीकडे सरकतो, आणि कर्सर एकीकडे दिसतो, अक्षर भलतीकडे खोडले जाते. एकसमान रुंदीचा फाँट घेऊनही हे पुरते सुटत नाही. आकडे तेवढे शहाणे, एकेका घरात बसतात. म्हणून तारीख आणि पावणीची (जत्रेतील लिलावाची) रक्कम आधी, गावाचे नाव ओळीच्या शेवटी, अशी मांडणी केली तर रकाने जागेवर राहतात.