कुत्रा, काळी माती आणि घराची भिंत

नाशिकच्या आसपास मळ्यात घर आहे आणि अंगणात मोठा कुत्रा आहे, अशा कुणाच्याही ओसरीची भिंत पाहा. जमिनीपासून फूटभर उंचीवर एक काळपट, तेलकट पट्टा सुरू होतो आणि दोन-सव्वादोन फुटांवर संपतो. दाराच्या चौकटीपाशी तो सर्वात गडद असतो, कोपऱ्यावर तर चकाकतो. दिवाळीला रंग द्यायचा आणि पुढचा पावसाळा सरेपर्यंत पट्टा पुन्हा उमटलेला बघायचा, ही तक्रार मखमलाबादपासून आडगावपर्यंत सगळीकडे ऐकू येते. मग राग निघतो कुत्र्यावर. त्याची साखळी आखूड होते, नाहीतर त्याला लांब गोठ्याशी बांधतात. मला हे अजिबात पटत नाही. भिंतीवरची घाण नेमकी कसली आहे ते ओळखलं, तर कुत्र्याला शिक्षा न करता ती बरीचशी रोखता येते.

लांब बांधण्याचा धोका आधी सांगतो. निफाड-सिन्नरच्या उसात बिबट्याचा वावर असतो आणि त्याला कुत्रा सोपा सापडतो. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तो 2014 साली प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशोबाने तिथल्या बिबट्यांच्या भक्ष्यात 39 टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. बांधलेला कुत्रा पळूही शकत नाही. त्यामुळे रात्री तो घराला लागूनच असायला हवा, आणि घराला लागून म्हणजे भिंतीला लागून.

आता तो काळा पट्टा. अंगाला माती लागते म्हणून तो पडतो असं वाटतं, पण नुसती माती वाळली की झटकली जाते. ती भिंतीवर धरून ठेवणारा पदार्थ कुत्र्याच्या कातडीतून येतो. प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलग्रंथी असते. तिच्यातून पाझरणारं तेल केसांवर पसरतं, त्यामुळे पाणी लगेच कातडीपर्यंत पोचत नाही. लॅब्राडोर किंवा जर्मन शेफर्डसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्यांना तर हे तेल हवंच. या तेलात मेणासारखे पदार्थ भरपूर असतात आणि ते पाण्यात विरघळत नाहीत. कुत्रा भिंतीला अंग घासत गेला की त्याचा पातळ थर रंगावर बसतो, त्यावर धूळ चिकटते, पुन्हा तेल, पुन्हा धूळ. हवेतल्या ऑक्सिजनमुळे जुनं तेल पिवळं पडतं आणि घट्ट होतं. म्हणून महिन्याभराचा डाग पुसला जातो आणि वर्षभराचा जात नाही. लॅब्राडोर नराची खांद्यापाशी उंची 57 ते 62 सेंटिमीटर असते, म्हणजे साधारण दोन फूट. पट्ट्याची वरची कड तिथेच का, हे त्यावरून कळतं.

भिंतीपाशीच तो का जातो, यालाही कारण आहे. कुत्र्याच्या शरीराचं तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या खऱ्या उपयोगी ग्रंथी पंजांच्या तळव्यांत असतात, बाकी भिस्त धापा टाकण्यावर. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकला की सावलीतल्या भिंतीला पोट लावून झोपणं हा त्याच्यासाठी अंगातली उष्णता बाहेर टाकायचा चांगला मार्ग असतो. थंडीत निफाडचा पारा पाच अंशांखाली उतरतो तेव्हा तोच कुत्रा उन्हाने तापलेली दक्षिणेची भिंत धरतो. उन्हाळ्यात डाग उत्तरेला आणि हिवाळ्यात दक्षिणेला वाढत असेल, तर कुत्र्याची सोय कुठे करायची ते भिंतच सांगते आहे. सावलीत, भिंतीपासून हातभर अंतर सोडून शहाबादी फरशी टाकावी आणि पाठ टेकायला मागे कडप्प्याचा तुकडा उभा करावा. बहुतेक कुत्र्यांना पाठीशी काहीतरी आधार लागतो. तो मिळाला तर भिंत सुटते.

रंगाची निवड हा सगळ्यात मोठा भाग आहे आणि तिथेच लोक पैसे वाचवायला जातात. चुना आणि डिस्टेंपर दोन्ही सच्छिद्र असतात. मॅट रंगातही भुकटी जास्त आणि ती बांधून ठेवणारं रेझिन कमी असतं, त्यामुळे पृष्ठभागावर बारीक छिद्रं राहतात आणि तेल आत मुरतं. वरून घासलं तर रंग निघतो, नाहीतर तेवढाच भाग घोटला जाऊन चमकतो. सॅटिन किंवा सेमी-ग्लॉस ॲक्रिलिक इमल्शनमध्ये रेझिनचं प्रमाण जास्त असल्याने वर सलग पापुद्रा तयार होतो, तेल वरच राहतं आणि पुसता येतं. सगळी भिंत महागाच्या रंगात रंगवायची गरज नाही. खालचे तीन-साडेतीन फूट पुरे, कारण उडी मारून टेकवलेले पंजेही साधारण तिथवरच पोचतात. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांची काळ्या दगडाची जोती आणि वर पांढरा चुना पाहिला की वाटतं, भिंतीचा खालचा भाग वेगळा असावा हे त्या गवंड्यांना पक्कं माहीत होतं. खेड्यांतला गेरूचा पट्टा डाग झाकतो, पण गेरू ही लोहयुक्त मातीच; ती तेल शोषते आणि धुता येत नाही. ज्यांना परवडेल त्यांनी तेवढ्या उंचीपर्यंत गुळगुळीत फरशी लावून घ्यावी, वर्षानुवर्षांची कटकट मिटते.

डाग पुसताना कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब पुरतात. त्याच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला, आणि तेलाचा बारीक कण पाण्यात तरंगत निघून जातो. अंगाचा साबण वापरू नये. आपल्याकडे बोअरचं पाणी अनेकदा जड असतं, त्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन चिकट साका बसतो आणि भिंत आणखी मळते. पुसायचं खालून वर. वरून सुरुवात केली तर मळकं पाणी कोरड्या भिंतीवर ओघळतं आणि त्या रेघा रंगात मुरतात.

पावसाळ्यातले शिंतोडे मात्र तेलाचे नसतात. आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्टची झीज होऊन बनली आहे आणि तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. तिचे कण दोन मायक्रोमीटरपेक्षाही लहान, पापुद्र्यांसारखे असतात. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरलं की माती फुगते आणि कशालाही चिकटते. पाणी गेलं की ती आकसते. उन्हाळ्यात द्राक्षबागेच्या कडेला जमिनीला भेगा पडतात, त्या याच गुणामुळे. शिंतोडा ओला असताना फडक्याने पुसला की हे बारीक कण रंगाच्या छिद्रांत दाबले जातात. तसाच वाळू दिला तर आकसून त्याच्या कडा सुटतात आणि मऊ ब्रशने तो पापुद्र्यासारखा पडतो. कुत्र्याच्या पोटाखालच्या चिखलालाही हाच नियम लागू होतो: वाळू द्यावा, मग ब्रश फिरवावा.

शिंतोडे उडतात ते अंग झटकण्यातून. जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या अँड्र्यू डिकरसन आणि डेव्हिड हू यांच्या गटाने 2012 साली वेगवेगळ्या सस्तन प्राण्यांचं हे झटकणं मोजलं. उंदीर सेकंदाला तीसेक वेळा अंग हलवतो, मोठा कुत्रा चार-पाच वेळा. शरीर लहान तेवढा वेग जास्त लागतो. सैल कातडी आतल्या हाडांपेक्षा जास्त अंतर फिरते आणि केसांतलं सुमारे 70 टक्के पाणी क्षणभरात बाहेर फेकलं जातं. ही क्रिया सुरू कुठून होते, तेही आता उलगडलं आहे. हार्वर्डच्या डेव्हिड गिन्टी यांच्या प्रयोगशाळेने 2024 मध्ये उंदरांच्या मानेवर तेलाचे थेंब सोडून दाखवलं, की केसांच्या मुळांशी असलेले अतिशय संवेदनशील मज्जातंतू मेंदूकडे संदेश पाठवतात आणि प्राणी अंग झटकतो. म्हणून भिजलेल्या कुत्र्याला पुसताना आधी मान आणि पाठीचा वरचा भाग पुसावा, पाय नंतर. फाटकापासून ओसरीपर्यंतच्या वाटेवर मुरूम किंवा बारीक खडी टाकावी, पायरीच्या अलीकडे गोणपाट अंथरावं आणि त्याला तिथेच थांबायची सवय लावावी. झटकायचं ते तिथे झटकू द्यावं.

खालच्या कोपऱ्यात पिवळट डाग, पांढरा लोणा आणि सुटलेले पोपडे दिसले तर ते मूत्र. त्यातले क्षार प्लास्टरमध्ये मुरतात, पाणी उडालं की स्फटिक बनून रंगाला आतून ढकलतात. मूत्रातल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात, तो वास कुत्र्याला पुन्हा तिथेच बोलावतो. असे डाग काढायला एन्झाइमवाला क्लीनर चांगला. ब्लीचिंगचं पाणी ओतू नये, अमोनियाशी मिळून त्यातून विषारी क्लोरामाइन वायू निघतात. काळं फिनेलही नको, कारण कुत्रा पंजे चाटतो आणि त्यातली फिनॉलची संयुगं त्याच्या पोटात जातात. फाटकाशी लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवण्याची पद्धत नाशिकच्या गल्लोगल्ली आहे. संशोधक जे. नाइट्झ आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्येच दाखवलं होतं, की कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या असतात. निळा आणि पिवळा त्याला वेगळे कळतात, लाल मात्र मळकट दिसतो. बाटलीला घाबरावं असं त्याला तिच्यात काही दिसत नाही. डांबराच्या गोळ्या तर कृपा करून टाकू नका, त्या पोटात गेल्या तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात. त्यापेक्षा अंगणाच्या टोकाला एक लाकडी खुंट रोवावा आणि सकाळी त्याला आधी तिथे न्यावं. नराची नसबंदी केली की खुणा करणं बऱ्याचदा कमी होतं.

एक गोष्ट मात्र भिंतीच्या स्वच्छतेपेक्षा महत्त्वाची आहे. नेहमी सहज रेलणारा कुत्रा अचानक एकाच जागी जोरजोरात अंग घासू लागला, अंगाला आंबूस वास आला, डाग जास्त तेलकट दिसू लागला, तर ते कातडीचं दुखणं असू शकतं: यीस्टचा संसर्ग, खरूज, पिसवा किंवा गोचीड. कुत्र्याच्या अंगावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन खाली उतरते, भिंतीवर चढते आणि प्लास्टरच्या भेगांत हजारो अंडी घालते. एर्लिकिओसिससारखा जीवघेणा ताप तीच पसरवते. नुसता कुत्रा औषधाने धुतला तर भेगांतली पिल्लं पुन्हा त्याच्या अंगावर येतात. म्हणून आधी पशुवैद्याकडून औषध, त्याच सुमारास भेगा साफ करून सिमेंट-पुट्टीने बुजवणं, आणि मग रंग. नवीन रंग हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला दोन ते चार आठवडे घेतो. तेवढे दिवस कुत्र्याची फरशी अंगणाच्या दुसऱ्या बाजूला हलवावी आणि भिंत ओल्या फडक्याने घासू नये.