विस्कटलेली घडी आणि पेशीतली फौंड्री

रंकाळ्यावर फिरून परतताना गुळाच्या चहाचा गाडा लागतो. मावशीला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, तरी परवा तिनं दुसरा कप मागवला. म्हणाली, "आरं, गुळाचा हाय. शुगरला चालतोय." गाडेवाल्यानंही मान डोलावली.

कोल्हापुरी गुळाचा मला अभिमान आहे. काहिलीतून वाफ्यात ओतलेला गरम गूळ बोटानं चाटत मी लहानाचा मोठा झालो. पण गुळात बहुतांश सुक्रोजच असतं, म्हणजे साखरेच्या डब्यात असतं तेच. सेंद्रिय असला तरी त्याचं ग्लुकोज व्हायचं थांबत नाही. आणि ग्लुकोज रक्तात आलं की स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी कामाला जुंपल्या जातात. ते काम किती अवघड आहे, हे मला सांगायचंय.

एक बीटा पेशी मिनिटाला प्रोइन्सुलिनचे, म्हणजे इन्सुलिनच्या कच्च्या रूपाचे, सुमारे १० लाख रेणू बनवू शकते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, हे शाळेत शिकलोय. पण नुसत्या माळेचा उपयोग नाही, तिची ठरलेली घडी बसावी लागते. इन्सुलिनमध्ये गंधकाचे तीन दुवे असतात. त्यातला एक चुकीच्या जागी जुळला तरी घडी विस्कटते. हे घडी घालण्याचं काम आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात, चालतं आणि बिप नावाचं मदतनीस प्रथिन त्यात हात देतं.

शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत कास्टिंगला ब्लोहोल (हवेची पोकळ छिद्रं) निघाले की ते रिजेक्ट होतं आणि पुन्हा भट्टीत जातं. पेशीतही तसंच. बिघडलेलं प्रथिन जालिकेबाहेर ओढलं जातं, त्यावर युबिक्विटिन नावाच्या छोट्या प्रथिनाची खूण लागते आणि प्रोटिअ‍ॅसोम हे पेशीतलं तोडयंत्र त्याचे तुकडे करतं. अमिनो आम्लं पुन्हा वापरात येतात.

पण रिजेक्शनचा ढीगच लागला तर? जालिकेच्या पडद्यात तीन पहारेकरी प्रथिनं असतात. पर्क प्रथिनांचं उत्पादनच आवरतं, म्हणजे ओतकाम थांबवतं. एटीएफ-६ गॉल्जीकडे, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं पुढं धाडणाऱ्या भागाकडे, जातं, तिथं कापलं जातं आणि त्याचा तुकडा केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतो. तिसरं आयआरई-१. माझा जीव याच्यात अडकलाय.

एरवी बिप आयआरई-१ला चिकटून असतं. बिघडलेली प्रथिनं साचली की बिप तिकडे धावतं आणि मोकळे झालेले आयआरई-१ रेणू एकमेकांशी जोड्या जमवतात. मग पडद्याबाहेरचं त्यांचं टोक कात्रीसारखं चालतं. ही कात्री एक्सबीपी-१ नावाच्या निरोप्या आरएनएमधली (जनुकातली प्रथिनाची कृती पोचवणाऱ्या रेणूतली) नेमकी २६ अक्षरं कापून टाकते आणि उरलेली टोकं पुन्हा सांधली जातात.

२६च का महत्त्वाची? आरएनए तीन-तीन अक्षरांच्या गटांनी वाचला जातो. २६ला ३नं भागलं तर २ उरतात. समजा वाक्य आहे 'बदक मलम गरम जलद'. सुरुवातीची 'ब' आणि 'द' ही दोनच अक्षरं काढा आणि पुन्हा तीन-तीन वाचा: 'कमल मगर मजल द…'. एक अक्षर नवं घातलं नाही, तरी कापल्या जागेपुढचं सगळं बदललं! एक्सबीपी-१चं असंच होतं. आधी त्यापासून २६१ अमिनो आम्लांचं प्रथिन बनत होतं, आता ३७६चं बनतं. हे नवं प्रथिन केंद्रकात जाऊन घडी घालणारे मदतनीस आणि भंगार उचलणारी यंत्रणा, दोन्ही वाढवतं. आरएनएची नेहमीची काटछाट केंद्रकात होते, ही मात्र बाहेर, पेशीद्रवात. म्हणजे निरोप आधीच छापून ठेवलेला असतो, वेळ आली की फक्त कात्री चालवायची. यीस्टमध्ये बिघडलेल्या प्रथिनांचा इशारा आयआरई-१ देतं, हे १९९३ साली काझुतोशी मोरी आणि पीटर वॉल्टर यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवली. दोघांना २०१४ साली वैद्यकीय संशोधनाचा लास्कर पुरस्कार मिळाला.

ताण हटलाच नाही तर हीच यंत्रणा पेशीला मरणाकडे ढकलते. पर्कच्या मार्गानं चॉप नावाचं प्रथिन वाढतं आणि पेशी स्वतःला संपवते. टाइप-२ मधुमेहात शरीर इन्सुलिनला दाद देईनासं होतं, बीटा पेशींवर जादा माल काढायचा दबाव येतो. त्यांच्या ऱ्हासामागे हे एक कारण आहे, एकमेव नव्हे. मल्टिपल मायलोमा या कर्करोगात याच दुखण्यावर बोट ठेवतात. त्या कर्करोगी पेशी प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं) भरमसाट बनवतात, म्हणून बॉर्टेझोमिब हे औषध प्रोटिअ‍ॅसोम बंद पाडतं आणि ढिगाखाली त्यांचा जीव जातो.

हल्ली 'पेशींतला कचरा साफ' करणाऱ्या भुकट्यांच्या जाहिराती मोबाईलवर रोज येतात. त्यांच्यावर पैसे घालवू नका. बॉर्टेझोमिबसारखं खरं औषधसुद्धा डॉक्टर मोजूनमापून देतात, कारण हा तोल फार नाजूक आहे.

तो किती नाजूक, हे पर्क दाखवतं. ज्या बाळांच्या दोन्ही पर्क जनुकांत दोष असतो, त्यांना तान्हेपणीच मधुमेह होतो. ओतकाम थांबवणाराच नसतो ना! उलट, प्रायॉन रोग (चुकीची घडी बसलेल्या प्रथिनामुळे होणारा मेंदूचा आजार) झालेल्या उंदरांच्या मेंदूत पर्क ब्रेक दाबूनच बसतं आणि चेतापेशींना हवी ती प्रथिनंच मिळत नाहीत. २०१३ साली संशोधकांनी अशा उंदरांना पर्क रोखणारं रसायन दिलं. चेतापेशी वाचल्या, पण उंदरांचं वजन उतरलं आणि स्वादुपिंडाला इजा झाली.