मेसरश्मिट थोडं मोठं झालं

२०१४ साली एडुअर्ड या चेक कंपनीनं मेसरश्मिट बीएफ १०९ जी-६ या जर्मन लढाऊ विमानाचं १/४८ प्रमाणातलं, सुटे भाग चिकटवून बनवायचं नवं किट बाजारात आणलं. उत्तर बोहेमियातल्या ओब्रनित्से गावची ही कंपनी १९८९ मध्ये सुरू झाली आणि प्लास्टिक मॉडेल बनवणाऱ्यांमध्ये तिचं नाव मोठं आहे. त्यामुळे खोकी घरोघर पोचली तशी लोकांनी गोंदाची बाटली उघडायच्या आधी मोजपट्टी काढली. खऱ्या विमानाचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे ९.९२ मीटर. त्याला ४८ नं भागलं की साधारण २०७ मिलिमीटर यायला हवेत. किटचा पंख त्याहून लांब भरला. धडही मोठं निघालं.

फरक काही मिलिमीटरचा. पण या प्रमाणात किटवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या विमानावरचे ४८ मिलिमीटर, जवळजवळ तीन बोटं. त्यातून बीएफ १०९ हे तेहेतीस हजारांहून जास्त बनलेलं विमान. छंदिष्टांच्या कपाटात ते वेगवेगळ्या कंपन्यांचं, वेगवेगळ्या रंगांचं, ओळीनं उभं असतं. त्या ओळीत एक भावंड अंगानं थोराड असलं की ते मोजायच्या आधीच डोळ्यांना कळतं.

अशा लोकांना या छंदात ‘रिव्हेट काउंटर’ म्हणतात, म्हणजे विमानाचे पत्रे जोडणारे खिळे, रिव्हेट, मोजत बसणारे. बऱ्याचदा ते हिणवून म्हटलं जातं. मला ते पटत नाही. ही माणसं नसती तर चुकीचं माप पन्नास वर्षं साच्यातून तसंच बाहेर पडत राहिलं असतं.

मूळ विमान मोजलं की झालं, असं कुणालाही वाटेल. पण संग्रहालयातलं विमान बहुतेक वेळा दुरुस्त केलेलं असतं. कुठला पत्रा मूळचा आणि कुठला नंतर ठोकून बसवलेला हे शोधावं लागतं. जुने नकाशे प्रतीवरून प्रत काढताना ताणले किंवा आक्रसले जातात. छायाचित्रात भिंगाजवळचा भाग मोठा आणि लांबचा लहान दिसतो. अलीकडे लेसर स्कॅनिंगची मदत होते. ब्रिटनच्या एअरफिक्स या किट कंपनीनं बोल्टन पॉल डिफायंट या लढाऊ विमानाचं किट बनवताना रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयातलं विमान असंच स्कॅन करून घेतलं. या जातीचं ते एकच संपूर्ण विमान जगात उरलं आहे. स्कॅनमधून पृष्ठभागावरच्या असंख्य बिंदूंची जागा कळते. मात्र त्यात पोचेही येतात, ठिगळंही येतात आणि चाकांवर वर्षानुवर्षं उभं राहून आलेला वाकही येतो. कारखान्यातून बाहेर पडलेलं विमान कसं होतं, हे शेवटी माणसालाच ठरवावं लागतं.

आता खरी अडचण. एडुअर्डला हे किट थोडंसं दुरुस्त करून का विकता आलं नसतं? त्याचं उत्तर आपल्या घरातल्या मोदकाच्या साच्यात आहे. साच्याच्या आत सुरीनं ओरखडा काढला तर प्रत्येक मोदकावर तिथे बारीक उंच रेघ उमटेल. साच्यात जे खोल, ते मोदकावर उंच. मोदकाला आणखी एक कळी हवी असेल तर साच्यात खाच कोरली की काम झालं. पण मोदकच लहान हवा असेल तर? साच्याच्या आत सगळीकडून धातूचा थर चढवावा लागेल.

प्लास्टिक किटचा साचा पोलादाचा असतो. पॉलिस्टायरिन हे प्लास्टिक दोनशे अंश सेल्सिअसच्या वर तापवून, पातळ करून, प्रचंड दाबानं त्यात भरतात. साच्यातून पोलाद खरवडून काढता येतं, म्हणजे विमानावर प्लास्टिक वाढवता येतं. उलट दिशेनं जायचं तर वितळलेलं पोलाद भरून पुन्हा घासावं लागतं. एखाद्या छोट्या खळग्यापुरतं ते जमतं. अख्ख्या धडाचा आणि पंखाचा आकार कमी करायला जमत नाही. म्हणून साचे बनवणारे जिथे माप पक्कं नाही तिथे भाग मुद्दाम किंचित बारीक ठेवतात आणि पहिल्या चाचणीनंतर हळूहळू वाढवत नेतात. मेसरश्मिटची चूक नेमकी नको त्या बाजूची होती. मॉडेल मोठं झालं होतं.

मोजमापात आणखी एक गुंता असतो. प्लास्टिक निवताना आक्रसतं. पॉलिस्टायरिनच्या बाबतीत हे प्रमाण साधारण ०.४ ते ०.७ टक्के. २०७ मिलिमीटरच्या पंखात ते एका मिलिमीटरच्या आसपास जातं, म्हणून साचा तेवढा मोठा कापावा लागतो. जाड भाग सावकाश निवतो, आतल्या बाजूला ओढला जातो आणि वर खळगा पडतो. तो भरायला पुट्टी लावून सँडपेपरनं घासताना शेजारचे रिव्हेट पुसले जातात. ज्यानं हे केलंय त्यालाच खळग्याबद्दलची तक्रार किती खरी असते ते कळेल.

एडुअर्डचे संस्थापक व्लादिमिर शुल्त्स यांनी चूक मान्य केली. कंपनीनं धडाचे आणि पंखाचे साचे नव्यानं बनवले आणि २०१६ मध्ये दुरुस्त जी-६ बाजारात आला. पोलादाच्या साच्यांचा खर्च ज्यांना ठाऊक आहे त्यांना या निर्णयाचं वजन कळेल. जुनं किट काही वाईट जुळत नव्हतं, कोरीव काम तर फार सुंदर होतं. तरीही ते बाजूला ठेवलं गेलं.

माप चुकल्याची हीच सूचना किट निघायच्या आधी, विमान फक्त संगणकाच्या पडद्यावर असताना आली असती, तर एका दुपारचं काम होतं. त्यामुळे आता अनेक कंपन्या पडद्यावरची चित्रं आधीच दाखवतात. मग येतात ‘टेस्ट शॉट’, म्हणजे साच्यातून काढलेले पहिले नमुने. ते अनुभवी मॉडेलकारांकडे जातात. ते लोक किट खरोखर चिकटवून बघतात: पंख आणि धड यांच्या सांध्यात नख अडकतं का, कॉकपिट आत बसवल्यावर धडाचे दोन भाग मिटतात का, चाकाचा दांडा योग्य कोनातच बसेल अशी खाच आहे का. स्कॅन कितीही अचूक असला तरी या प्रश्नांची उत्तरं त्यात नसतात.

काही बाबतींत मात्र अचूक मापच चुकीचं दिसतं. विमानाच्या दोन पत्र्यांमधली फट एक-दोन मिलिमीटरची. ४८ नं भागली तर ०.०२ ते ०.०४ मिलिमीटर, केसापेक्षाही बारीक. तशी कोरली तर रंगाच्या पहिल्या थराखाली बुजेल. म्हणून साच्यात ती कितीतरी पट रुंद करतात. नेमकी किती, यावर छंदिष्टांचं कधीच एकमत होत नाही, आणि होण्याचं कारणही नाही. टेबलावर हातभर अंतरावरचं १/४८ विमान म्हणजे वीस-पंचवीस मीटरवरून पाहिलेलं खरं विमान. त्या अंतरावरून काय दिसावं, हा प्रश्न मोजपट्टीइतकाच डोळ्याचा आहे.

या वादातला सगळ्यात छान धडा मला पी-५१ मस्टँग या अमेरिकन लढाऊ विमानानं दिला. त्याच्या पंखाचा छेद असा होता की हवा पृष्ठभागाला धरून, न फिसकटता, जास्तीत जास्त मागेपर्यंत वाहावी. रिव्हेटचं एक डोकं वर आलं तरी तो प्रवाह मोडतो. म्हणून कारखान्यातच पंखाच्या पुढच्या भागातल्या फटी आणि रिव्हेट पुट्टीनं बुजवून, घासून, रंगवून टाकत. म्हणजे पंखभर रिव्हेट कोरलेलं मस्टँगचं किट दिसायला श्रीमंत, पण चुकीचं. हे बोलत राहिले ते छंदिष्टच. कित्येक जण आजही किटवरचे ते रिव्हेट स्वतः पुट्टीनं भरतात. ऐंशी वर्षांपूर्वी कारखान्यातल्या कामगारांनी केलेलं काम टेबलावर पुन्हा करतात. मीही एकदा केलं. पंख बोटाखाली गुळगुळीत लागला तेव्हा त्या हवेचा विचार पहिल्यांदा हातातून डोक्यात गेला.

सूचना करणाऱ्यालाही विमान माहीत असावं लागतं, हे इटलीच्या माकी सी.२०२ या लढाऊ विमानावरून कळतं. मारिओ कास्तोल्दी यांनी आखलेल्या या विमानानं १९४० मध्ये पहिलं उड्डाण केलं. इंजिन नाकावरचा पंखा एका दिशेनं फिरवतं, तेव्हा विमान उलट दिशेला, डावीकडे कलायला बघतं. कास्तोल्दींनी डावा पंख उजव्यापेक्षा सुमारे २१ सेंटिमीटर लांब ठेवला. त्या बाजूला उचल थोडी जास्त मिळते आणि विमान सरळ राहतं. १/४८ प्रमाणात हा फरक साधारण ४.४ मिलिमीटर भरतो. किट हातात आलं की दोन्ही पंखांना व्हर्निअर हे बारीक मापाचं साधन लावावं. आकडे सारखे आले, तर कंपनीला लिहावं.